जौजे भुजंगराव

प्रिय मच्छिंद्रदादा,

पत्र माझंच हाय, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं न्हाई. तिसरीतून शाळा सुटल्यापासून हातात टाक धरला न्हवता, आन् तुझ्याम्होरं माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई हे तुला ठावं हाय. पर काल जे पाह्यलं ते तुला कळवल्याबिगर राहवंना.

मागच्या खोलीतली रिकामी कणगी सारवायला काढल्ती. आत हात घातला तर बाटली लागली. मंग अजून एक. अकरा निघाल्या, दादा! सगळ्या दवाखान्याच्या लाल औषधानं गळ्यापर्यंत भरलेल्या. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिटकवतात ना, तिच्या पहिल्या खुणंपर्यंतसुदिक औषध उतरलेलं न्हवतं. दवाखान्यात बाटली आपली न्यावी लागती. घासलेटाला एक बाटली राह्यली न्हाई म्हणून आई किती महिने मलाच बोलून राह्यली होती. आन् तुझी माय, आमची मोठी माय, त्या सगळ्या इथं ठेवून राह्यली होती.

तुझे बाबा, आमचे मोठे बाबा, वारल्यापासून मोठी माय कशी झाली ते तू एकदाच येऊन पाह्यलं. पयले कोंबडी ओसरीवर चढली तरी तिच्या सात पिढ्या काढायची. आता शेरडानं पिठात तोंड घातलं तरी नुसती बघत बसती. छातीवर दगड ठेवल्यावानी वाटतं म्हणायची. झोप न्हाई, भाकर घशाखाली उतरंना. तू जालन्याहून सांगावा धाडला, दवाखाना बराबर चालू ठेवा. आम्हाला बी तेच बरं वाटलं. दर बाजारी गाडी जुपून मी तिला आष्टीला न्यायचे. एक खेप तिनं चुकवली न्हाई. आई टोमणा मारायची, 'चुलीपाशी बसायचं म्हणलं की कंबर धरती, दवाखान्याला कशी टुणटुण निघती बाई!' तिथं मातर ती पदर सारखा करून, मान वर करून बसायची. मला वाटायचं, औषधाचा गुण येऊन राह्यला.

काल बाटल्या म्होरं ठेवून तिला विचारलं. पाच दिवसांत पाण्याबिगर तिनं काही घेतलं न्हाई, आवाज बी निघत न्हवता. म्हणली, 'औषध कशाला पिऊ सगुणे? तिथं शिपाई नाव घ्यायचा.'

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात मोठ्या बाबांचं नाव तिच्याम्होरं काढायचं न्हाई, तिला रडू येईल, असं आईनं सगळ्यांना बजावलेलं. तिला सोताला तर नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई. सबंद मुलखात एकच जागा होती, जिथं वहीत बघून शिपाई मोठ्यानं वरडायचा, 'द्वारकाबाई जौजे भुजंगराव!' जौजे म्हंजी बायको. वही जुनी होती, मोठे बाबा जित्ते असतानाची. दर बाजारी ती तेवढं ऐकायला जायची.

आता जे लपवलं ते सांगते. मागच्या बाजारी कंपौंडर नवा आल्ता, वही बी नवी. जुन्या वहीतलं नाव उतरवताना त्यानं मला विचारलं, 'हिचा मालक हाय का?' परक्या माणसाम्होरं मला बोलता येत न्हाई. म्या नुसती मान हालवली. न्हाई म्हणून. त्यानं लिहून घेतलं. घडीभरानं शिपाई वरडला, 'द्वारकाबाई बेवा भुजंगराव!' बेवा म्हंजी विधवा. मोठी माय उठली न्हाई. त्यानं दोनदा वरडून पाह्यलं. ती मला म्हणली, 'चल घरी. ही कोण दुसरी बाई हाय.' रिकामी बाटली तिथंच बाकावर राह्यली. तवापासून ती भिंतीकडं तोंड करून पडली हाय. माझ्या एका मानेनं हे झालं, दादा.

आज सकाळी आमटी वाढताना म्या डोळे मिटून मोठ्यानं म्हणलं, 'भुजंगराव मोठ्या बाबांना ह्याच्यात लसूण लई लागायचा.' आईच्या हातातली पळी तशीच राह्यली. मोठी माय मातर कुशीवर वळली. म्हणली, 'लसूण न्हाई गं येडे, कारळाची चटणी.' आन् मंग चतकोर भाकर खाल्ली.

पर मला त्यांच्या दोन-चारच गोष्टी ठाव्या. त्या परवापर्यंत सरतील. तू त्यांचा लेक. म्हणून हे पत्र. औषध धाडू नको. तुझ्या मायला पत्र लिही, त्यात मोठे बाबा कसे हासायचे, तुला कशापायी मारायचे, सगळं लिही, नावानिशी. अडखळत का होईना मी सगळ्यांम्होरं वाचीन. टपालवाला पारावर बसून एकेकाचं नाव पुकारतो. मी तिला हाताला धरून तिथं नेऊन बसवते. पाकिटावर जुन्या वहीत होतं बराबर तेच लिही, दादा, आन् मोठ्या अक्षरात लिही, त्याला कमी दिसतं. जल्दी लिही.

तुझ्या वाटंकडं डोळे लावून बसलेली
तुझीच बहीण,
सगुणा