कॅमेऱ्यावरची उष्टी हळद

सोमवार, ९ डिसेंबर

...आणि हो, थिनर अजिबात नाही! काल आपल्या कॅमेरा रिपेअरच्या ग्रुपवर परत कुणीतरी तेच सुचवलं. अरे, थिनरनं कॅमेऱ्यावरचा चिकटा निघेल, पण त्याच्यासोबत रबर आणि बटणांवरची अक्षरंपण जातील ना. म्हणून ठरवलंय, आता इथे आलेच आहे तर रोज नीट लिहायचं, आणि नंतर सगळं तुमच्यासाठी ग्रुपवर टाकायचं.

तर मी ओवी, आज सकाळी पुण्याहून सांगलीत पोचले! खाली चिंतामणकाकांचं कॅमेरा रिपेअरचं दुकान, वर त्यांचं घर, गच्चीजवळची खोली माझी. काम शिकायचं आणि शकुंतलाकाकूंच्या हातचं जेवायचं. दुकानात हळदीचा वास येतो. काका म्हणाले, पेठेतून येतो, थोड्या दिवसांनी नाकाला कळणारपण नाही. मला तर आवडला.

मंगळवार, १० डिसेंबर

पहिलं काम मिळालं! उंब्रजचे लालासाहेब आले होते, मिलिटरीतून रिटायर झालेले, मिश्या एकदम कडक. मुलाचा डीएसएलआर आणला होता. सगळ्या बॉडीला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती काढून साफ करून द्या म्हणाले. मग मला विचारलं, लगीन झालंय का पोरी. मी नाही म्हटलं. इथे सगळेच विचारतात, काल रिक्षावाल्यानंपण विचारलं. काका म्हणाले, अहो लालासाहेब, ही कॅमेऱ्याशीच लग्न करून बसलीय. लालासाहेब हसले नाहीत. म्हणाले, मग हिच्याच हातानं निघू द्या, हातमोजं नगं.

आधी बॅटरी काढली, लेन्स काढून बॉडीला झाकण लावलं. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दिली आणि पट्टी तिरकी, अलगद ओढली. खाली पिवळा, जाड चिकटा. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेतलं (थेट बॉडीवर ओतायचं नाही, बटणांतून आत जातं), तळाच्या कोपऱ्यात टेस्ट केली. रंग नाही गेला, पण चिकटापण हलेना. शेवटी बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेतला आणि चोळत बसले. मस्त! गोळ्या होऊन निघायला लागला.

त्या पिवळ्यात कुणाच्यातरी बोटांचे ठसे होते. मी त्यांच्यावरूनच बोट फिरवत गेले.

बुधवार, ११ डिसेंबर

सकाळी बघते तर कॅमेरा परत चिकट. ठसेपण तिथेच. काका म्हणाले, जुना रबर पाझरतो, होतं असं. परत तेल, परत बोटं.

दुपारी भाजी आणायला गेले तर लीलाबाई म्हणून एक भाजीवाल्या आहेत, त्या माझ्यावर ओरडल्याच. हळदीच्या अंगानं भाईर कशी फिरती गं, घरात कुणी मोठं माणूस हाय का न्हाई. मी हात पुढे करून दाखवले, एकदम स्वच्छ होते. त्या मागे सरकल्या. पैसेपण माझ्या हातातून घेतले नाहीत, टोपलीत टाक म्हणाल्या.

मी हसत परत आले. म्हणजे, हसण्याचा प्रयत्न केला.

गुरुवार, १२ डिसेंबर

जेवताना काकूंनी विचारलं, कुणाच्या हळदीला गेली होतीस, कोपरापर्यंत माखलीयेस की. मला काहीच दिसत नव्हतं. मग त्याच कॅमेऱ्यात बॅटरी आणि लेन्स घालून माझ्या हातांचा फोटो काढला. स्क्रीनवर दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते.

मी काकूंना चिकट्याचं सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, हळद आधी नवऱ्या मुलाला लावतात. उरलेली नवरीकडे पाठवतात. तिला उष्टी हळद म्हणतात, आणि ती लागली की मुलगी त्याची.

मला उष्टं म्हणजे ताटात टाकलेलं एवढंच माहीत होतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

काकांनी उंब्रजला ओळखीत फोन लावला. लालासाहेबांचा मुलगा ऋषिराज. फोटोंचं वेड होतं. स्वतःच्या हळदीला, माखलेल्या हातांनीच कॅमेरा घेऊन सगळ्यांचे फोटो काढत होता. मांडवातच कोसळला. गेला. उष्टी हळद नवरीकडे पोचलीच नाही. कॅमेऱ्यावर राहिली, आणि बापानं तिच्यावर पट्टी गुंडाळून ठेवली.

मी लालासाहेबांना फोन केला. म्हटलं, मला हे काम नको, तुमचा कॅमेरा घेऊन जा. त्यांनी शांतपणे विचारलं, समदी निघाली का, सूनबाई.

सूनबाई म्हणाले.

शनिवार, १४ डिसेंबर

आता मलापण दिसतेय. साबण, बेसन, आयसोप्रोपिल — कातडी सोलली, खाली परत पिवळंच.

स्टँडवर गेले. कंडक्टरनं चढूच दिलं नाही. नवरीनं असं एकटीनं जायचं नसतं म्हणे. रिक्षावाल्यानं न विचारता दुकानापाशी आणून सोडलं.

काकूंना काल-परवाचं काहीच आठवत नाहीये. मला हिरवा चुडा भरायला कासारीण बोलावलीय. काकांना म्हटलं, तुम्हीच उंब्रजला फोन केला होता ना, तो मुलगा गेलाय — काका म्हणाले, असं अभद्र बोलू नये गं, उद्यावर लग्न आलं.

आईला फोन केला. म्हटलं, मला घेऊन जा. आई म्हणाली, रडू नकोस राणी, आम्ही सकाळी निघतोय, मुहूर्ताला पोचतो.

कुठला मुहूर्त? आई, कुठला —

रविवार, १५ डिसेंबर

दुपार. खाली गाडी थांबली. आईचा आवाज. हसतेय.

खिडकीतून दिसतंय — लालासाहेब, हातात शालू. पाट मांडलाय. पाटावर कॅमेरा. त्याला मुंडावळ्या बांधल्यात —

बॉडी परत पिवळीजर्द. ओली.

मी ओरडले. नको, मला नको, असं स्पष्ट ओरडले. काकूंनी दारातून डोळे पुसत आईला सांगितलं, रडू दे तिला, सासरी जाताना पोरगी रडणारच.

जिन्यावर पावलं. काका अंतरपाट धरायला माणसं बोलावतायत —

गालाला काहीतरी गार लागलं. खोलीत मी एकटीच आहे. बोटं आहेत ती —

ग्रुपवर टाकतेय, कुणीतरी वाचा. तुम्हीच सांगा, तुम्हाला तरी मी घाबरलेली वाटतेय ना? की तुम्हालापण हे नवरीचंच रडणं —