सोनेरी अध्यक्ष

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शर्टांच्या कारखान्यातून पाटीची ऑर्डर आली. माझं नाव तू सुचवलंस असं मालक फोनवर म्हणाले. मजकूर असा: कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती. आजवर माझा ब्रश ‘दुकान भाड्याने देणे आहे’ याच्या पुढे गेला नव्हता, म्हणून शब्दकोश उघडून एकेक अक्षर ताडून पाहिलं. आई मागे येऊन वाचायला लागली तेव्हा पाटीवर टॉवेल टाकला.

अध्यक्ष म्हणून तुमच्या सुपरवायझरसाहेबांचं नाव आहे. मोठा माणूस दिसतो, म्हणून एकट्या त्यांचं नाव सोनेरी रंगात, दोन हात देऊन काढलं आहे. चांगलं टपोरं उठलंय. त्यांना सांग, म्हणजे तुझ्यावर लक्ष ठेवतील.

तिकडे सगळं ठीक आहे ना? अशी पाटी उगाच कोणी लावत नाही, म्हणून विचारतो. लोभ तर आहेच तुझा, त्यात लवकर उत्तराची भर घाल.

तुझा धाकटा

९ जून

चि. घाबरटरावांस,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसता हसता ठसका लागला. मग थोडं रडूही आलं. अरे, तू ज्यांना सोनं चढवलंस, त्यांच्याविरुद्धच माझी तक्रार आहे!

आम्ही त्यांना अत्तरराव म्हणतो, कारण माणसाआधी वास येतो. शिलाई तपासायच्या निमित्ताने मागे येऊन उभे राहतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि तो हात खांद्यावर थांबत नाही. घरी गेलं की फोनवर नको नको ते मेसेज. मी हात झटकला, तर माझ्या मशीनवरून उठवून मला बटणं निवडायला बसवलं. मग मी मोफत कायदेशीर मदत केंद्र गाठलं. तिथल्या वकीलबाईंनी मालकांना विचारलं, की कायद्याने लागते ती समिती कुठे आहे. मालकांनी घाईघाईत समिती केली आणि अध्यक्ष नेमले अत्तरराव! म्हणजे माझं गाऱ्हाणं त्यांनीच ऐकायचं आणि त्यांनीच मान डोलवायची. हे ऐकून वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. मग तो पुसून त्या कामाला लागल्या. अध्यक्ष बाईच हवी, आणि एक सदस्य कारखान्याबाहेरचा हवा, असं म्हणाल्या.

पाटी पाठवू नकोस. आईला सांगू नकोस. आणि बॅग भरू नकोस, मी ओळखते तुला. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बॅग भरली होती. रिकामी केली. येऊन त्याला दोन लगावाव्यात असं फार वाटलं, पण घरातली झुरळंसुद्धा तूच मारायचीस, हे आठवलं.

ताई, तू नोकरी सोड आणि घरी ये. तुला काढून टाकलं तर? घरी जाताना सोबत कोण असतं? मेसेज पुसले तर नाहीस? आणि तुझ्या बाजूने कोणी बोलणार आहे का? मी अर्ध्या ताटावरून उठतो. आईला वाटतं, पोट बिघडलंय. ती मला औषध पाजते आहे.

ते नाव घासायला घेतलंय, पण रंग सोडत नाही. एवढा पक्का हात मी पूर्वी कुणाच्याच पाटीला दिला नव्हता. माया ठेव, आणि दाराला आतून कडी घालत जा.

तुझा धाकटा

१७ जून

चि. घाबरटरावांस,
अ. उ. आ.

मेसेज जपून ठेवलेत. वकीलबाईंनीही पहिलं तेच विचारलं, तेव्हा तुझं डोकं अगदीच वाया गेलेलं नाही. तक्रार केली म्हणून काढता येत नाही, आणि काढलंच तर त्यासाठीही त्या भांडतील. नवी समिती झाली. कटिंगच्या मास्तरीणबाई अध्यक्ष. सोमवारी सुनावणी.

घरी मी येणार नाही. मी गेले तर ते माझ्या मशीनच्या शेजारच्या मशीनमागे जाऊन उभे राहतील. तिथे बसते तिला आम्ही चिमणी म्हणतो. तिने सगळं पाहिलंय, पण तोंड उघडत नाही. म्हणते, हा माणूस कालपर्यंत अध्यक्ष होता, उद्या पुन्हा काहीही होईल. अत्तरराव सांगत फिरताहेत की हात चुकून लागला आणि मेसेज थट्टेतले होते. चिमणी बोलली नाही तर हाताबद्दल माझा शब्द आणि त्यांचा शब्द.

तू एवढंच कर. सोबतची नवी नावं घालून पाटी सोमवारच्या आत पाठव. औषध मुकाट्याने पी. लोभ असाच राहू दे.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी बसने पाठवली आहे. जुन्या नावावर पांढरा रंग दिला, वर मास्तरीणबाईंचं नाव काढलं. दिव्याखाली उभी धरून, आडवी धरून पाहिली. खालचं काही दिसत नाही. सुनावणीला जाताना पाणी पिऊन जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळ.

तुझा धाकटा

२४ जून

चि. पेंटरसाहेबांस,
अ. उ. आ.

तुझ्या दिव्याखाली दिसत नसेल, पण आमच्या फाटकावर सकाळचं ऊन तिरकं येतं. मास्तरीणबाईंच्या नावाखालून अत्तररावांचं नाव असं टपोरं वर आलं की येणारी प्रत्येक बाई थांबून वाचत होती आणि पदरात तोंड घालून हसत होती. खुद्द अत्तररावांनीही ते वाचलं. त्या दिवशी वास लवकर ओसरला.

चिमणीने तर त्या अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं. मला म्हणाली, पुसता येतं की गं यांचं नाव! मग आत गेली आणि माझ्यापेक्षा जास्त बोलली. तिच्याही मागे ते उभे राहत असत, हे मला तेव्हा कळलं. वकीलबाई आता तिचंही काम पाहणार आहेत.

चौकशी संपलेली नाही, पण तोवर अत्तररावांना शिलाईच्या खोलीत पाय ठेवायची बंदी आहे. मी परत माझ्या मशीनवर आहे. माझ्यावरचा लोभ आता चिमणीलाही वाटून दे.

तुझी ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि लाजेने मान खाली गेली. पेंटरची अब्रू तुमच्या फाटकावर टांगली आहे. रविवारी येऊन नीट घासून देतो; नको म्हणालीस तर निदान संध्याकाळी ये-जा करा. मदत केंद्राला पाटी हवी असेल तर विचार. मजकूर मात्र वकीलबाईंनीच द्यावा.

आईला सगळं सांगितलं. माझ्याच्याने राहवलं नाही. मला वाटलं, आता तुला परत बोलावणार. पण तिने एवढंच विचारलं, की अक्षरं मोठी काढली होतीस ना.

तुझा धाकटा