दुर्बिणीच्या आरशाला कुंकू

३ मे २००४

माफ कर. शब्द चुकतील. एका बोटानं कॉम्प्युटरवर टाईप करून राहिले, अन् अर्धी अक्षरं कुठल्या बटनात हायत ते अजून सापडलं न्हाई. सातवीनंतर शाळा सुटली. तवापासून लिहायचं काम लग्नपत्रिकेपुरतंच, अन् तीबी मामा सांगतो तशी.

कुरुंद्यात झेरॉक्स, एसटीडी अन् पत्रिका — तिन्ही मामाच्या दुकानात. दुपारी मामा जेवायला जातो, तवा कोनी येत न्हाई. या फाईलला 'जुने दर' नाव दिलंय. ती कोन उघडनार. सांजचं काही असलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी लिहीन, पन तारीख त्याच दिवसाची टाकीन.

आज आमच्या वाडीच्या शाळेचे शिवहार सर लांबडं खोकं घेऊन आले. शाळेची दुर्बीन. नांदेडच्या व्यंकटराव नावाच्या रिटायर मानसानं शाळेला दिलेली. सर मामाला म्हन्ले, "रामप्रसाद, जानेवारीपासून सगळं धुरकट दिसून राह्यलंय. आठ जूनला शुक्र सूर्याच्या अंगावरून जानार, पोरं बोलावलीत. तवर चालली तर ठीक. न्हाईतर वापस नांदेडला."

मामा म्हन्ला, "दीपीकडं द्या सर. झेरॉक्सचं मशीन उघडून बराबर बसवती. बोलत न्हाई, पन स्क्रू वळखती."

"करशील का गं?"

मी मान हालवली.

आता जे कोनाला सांगितलं न्हाई ते. जानेवारीत सरांनी सांजच्याला वाडीत चंद्र दावला. शाळा सोडलेल्यांनाबी बोलावलं. मी लायनीत शेवटी. डोळा लावला अन् चंद्र एवढा जवळ, खड्डे खड्डे — मी दचकून मागं सरले. पाय तिपाईत अडकला. दुर्बीन आडवी. शेजारी सोमेश्वर उभा हुता, नऊ वर्साचा. सगळे त्यालाच बोलले. त्याच्या चुलत्यानं, पुंजाजीनं, दोन ठेवून दिल्या त्याला.

मी गप. तवापासून गपच.

४ मे

लाईट आली. दहा मिनिटं. गेली की सगळं जातं, म्हनून आधी सेव्ह करते.

८ मे

सरांनी नांदेडला कार्ड टाकलं हुतं, काय काय तपासायचं म्हनून. उत्तर आलं. मुंगीएवढं अक्षर, पार कडंपतुर.

"नळीचं मोठं झाकण पूर्ण काढता ना? त्यातलं लहान बूच काढून भागत नाही." — सर इतके दिवस नुसतं बूचच काढत हुते. "भिंग २५ लिहिलेलं लावा. ४ लिहिलेलं विसरून जा." — आमी ४चंच लावत हुतो, बारीक म्हनजी भारी असं वाटून. "तिपाई थरथरत असेल तर मध्ये वजन टांगा. आणि सूर्यासाठी म्हणून दिलेली काळी काच आजच फोडा. उन्हानं ती तडकते आणि डोळा जातो."

काच मामानं बत्त्यानं फोडली. म्हन्ला, "झालं. दुरुस्तीच्या आधी एक वस्तू तर मोडली."

तिपाईला हळदीची पिशवी टांगली. मंग मामानं दुकानाच्या दारातून गावाकडं रोखून बघितलं. लई वेळ बघितलं. "दीपे, पान्याची टाकी उलटी हाय. म्हनूनच नळाला पानी न्हाई."

कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेलंच हुतं — उलटं दिसतं तो दोष नाही.

पन धुरकट ते धुरकटच. टाकीला शेपूट असल्यासारखं.

१२ मे

दुर्बीन घरी आनली, वाडीत. सोमेश्वर आला बघायला. भिंग बसवायच्या नळीत कुंभारीन माशीनं मातीचं घर केलेलं! काडीनं हळूहळू काढलं. सोमेश्वरनं नळी धरली. धरल्या धरल्या म्हन्ला, "दीपाताई, मी न्हवती पाडली."

मी माती फुकत राहिले.

१५ मे

आज मागचे स्क्रू काढून मोठा आरसा भाईर काढला. मामानं एकदा झेरॉक्सच्या आतला आरसा उपरन्यानं पुसला हुता, त्याला वरखडे पडले ते आजून पत्रिकेवर उमटतात. म्हनून मी हात लावला न्हाई. धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यावर ठेवला अन् ब्रश आनायला आत गेले.

भाईर आले तर माय हळदकुंकवाचा करंडा घेऊन आरशाफुडं बसलेली. वलं बोट. आरशाच्या पार मधी लाल ठिपका.

"माय, हे काहून केलं?"

"नवी मोटार आली की लावतो, नवी तिफन आली की लावतो. ह्यो आरसा पयल्यांदा उघडला ना. त्याला कोनी लावलं हुतं का?"

मला रडू आलं. पुसावं तर वरखडे. ठेवावं तर कुंकू. माय बिचारी करंडा घेऊन तशीच उभी. "इतकं लागलं का गं?" म्हन्ली.

तिला काय सांगू. आधी मी पाडली, आता तिनं रंगवली. सर वापस पाठवनार.

१७ मे

आरसा कुंकवासकट परत बसवला. व्यंकटरावांच्या कार्डावर शेवटी लिहिलेलं — भिंग न लावता रिकाम्या नळीतून आत बघा, मागचे तीन स्क्रू फिरवून आरसे एकमेकांसमोर आणा. "मधोमध खूण असती तर सोपं गेलं असतं. पण तुम्ही ती करायला जाऊ नका."

डोळा लावला. लहान आरसा दिसला. त्याच्यात मोठा आरसा. त्याच्यात माजाच डोळा. अन् एका कडंला पडलेला लाल ठिपका.

आरसा किती वाकडा झालाय ते त्या ठिपक्यानं दावलं!

डोळा मी लावायचा तर स्क्रू कोन फिरवनार? सोमेश्वर मागं बसला. "वरचा. थोडा. न्हाई, उलटा. आता डावा. थांब." अर्धा घंटा. ठिपका सरकत सरकत माज्या डोळ्याच्या मधी आला अन् बसला. माय आरशात न बघता कपाळाला कुंकू लावती, कधी इकडं न्हाई तिकडं न्हाई. आरशालाबी तसंच लावलेलं.

भिंग घातलं. लांबच्या लिंबावर बगळा. उलटा. पन त्याची चोच दिसली.

सोमेश्वर म्हन्ला, "ताई, तू आज लई बोलली."

२१ मे

सांजच्याला शुक्राची चांदनी बघितली. बाची आठवन आली. बा मेंढरं घेऊन पुसदकडं हाय, मिरगाला येतो. त्याला घड्याळ लागत न्हाई, चांदन्या बघून उठतो. त्याचा फोन येतो दुकानात, पन मी उचलत न्हाई. कोनाचाबी उचलत न्हाई. मामा नसला की वाजू देते.

चांदनी फुटकी दिसली. इळ्यासारखी कोर. तीन बार भिंग काढून घातलं. कोरच. म्हनजी आरसा परत हालला.

कुंकवाचंबी खरं सांगून, मायचं पंचफुलाबाई नाव लिहून, नांदेडला मीच कार्ड टाकलं. पयलं कार्ड माजं.

२७ मे

उत्तर माज्या नावानं आलं. "चि. दीपमाला" असं लिहून!

"दुर्बीण बिघडलेली नाही. शुक्र सध्या कोरच आहे, चंद्रासारखा. तुम्ही ते स्वतः पाहिलंत. कुंकवाची काळजी सोडा. आरशाचा मधला भाग लहान आरशाच्या सावलीतच असतो, त्याचं काम नसतं. पंचफुलाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हात नेमका आहे."

मायला वाचून दावलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मंग कार्ड कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं.

७ जून

ढग. दिवसभर.

८ जून

बारापतुर ढगच. मंग फाटले. शाळेच्या अंगनात सत्तर-ऐंशी मानसं. मोठं झाकन तसंच ठेवलं, फक्त बूच काढलं — सूर्याला तेवढंच पुरतं. नळीच्या पाठीवरची, तारा शोधायची लहान दुर्बीन काढून टाकली, तिच्यातून कोनी सूर्य बघू नये म्हनून. नळी सूर्याकडं वळवत नेली; तिची सावली सगळ्यात लहान झाली तवा भिंगातून भाईर येऊन चपलेच्या खोक्यात लावलेल्या कोऱ्या पत्रिकेवर सूर्य पडला. वाटीएवढा, पांढरा. त्याच्यावर काळा ठिपका.

माय म्हन्ली, "देवालाबी लावलंय. पन मधी न्हाई लागलं."

लायन लागली. तेवढ्यात पुंजाजी फुडं घुसला. "कागद काय बघायचा, आत बघू की," अन् वाकला भिंगाकडं.

मी वरडले. "डोळा जाईल, मागं व्हा!"

मी त्याचा दंड धरलेला. तो म्हन्ला, "तू मला सांगती? आधी त्या सोम्याला लांब ठेव. त्यानंच पाडलेली."

"त्यानं न्हाई," मी म्हन्ले. "मी पाडली. जानेवारीत. पाय माजा अडकला."

पुंजाजीनं सोमेश्वरकडं बघितलं. सोमेश्वर म्हन्ला, "काका, मंग माज्या त्या दोन?"

कोनीतरी हासलं. पुंजाजी हासला न्हाई. बाजूला झाला. "बघ बाबा. पयला तूच बघ." अन् सोमेश्वर खोक्याफुडं बसला तो उठेच ना.

सर लायनीला म्हन्ले, "पुढचा." सांजच्याला खोकं भरताना म्हन्ले, "नांदेडला पाठवत न्हाई. तुमच्या घरीच राहू दे. शाळेत परत माशी घर करंल."

सर, माय, सोमेश्वर, व्यंकटराव. झोपायच्या आधी चौघांची नावं मनात घेतली.

९ जून

मामा जेवायला गेला हुता. फोन वाजला. मी उचलला. बा हुता, पुसदवरून. "कोन? दीपी? तू बोलून राह्यली?" म्हन्ला. मंग म्हन्ला, मेंढरं समदी इकली. आता फिरनं न्हाई, चांदन्या बघून उठनं न्हाई. परवा येतो, कायमचा.