झाकणावरचा ओघळ

४ नोव्हेंबर

पुन्हा एक डबा परत आला. रंगाच्या दुकानात अर्धं आयुष्य गेलं, माझ्या हातचा रंग कधी परत आला नव्हता. आता हे तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, फिका आहे हो."

कसा असेल? भिंतीचा पोपडा उजेडात धरून मी स्वतः जुळवला होता. मशीन पुस्तकातले रंग देतं, पोपड्याचा रंग नजरेनेच काढावा लागतो. मिसळायचा, बोटाने डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला ओढायचा. अंगाच्या उबेने लवकर वाळतो, आणि वाळल्यावरच खरा दिसतो. माझी नजर चुकत नाही. म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय.

७ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. पंजावरचं पांढरं कोड मनगटाच्या वर सरकलंय. पापणीजवळही एक ठिपका. मी विचारलं, "रंगामुळे झालं का?" म्हणाल्या, काही रसायनांनी होतं, हातमोजे घाला, पण तुमचं दोन्ही कोपरांवर सारखं आलंय, म्हणजे शरीरच आपल्या रंगपेशींवर उलटलं असावं. "असावं?" "का उलटतं, ते पुरतं कळलेलं नाही." थायरॉईडची तपासणी लिहून दिली, मलम दिलं, आणि आठवड्यातून दोनदा अतिनील दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं.

मला ते "असावं" आवडलं नाही. काहीतरी लपवताहेत असं वाटत राहिलं.

८ नोव्हेंबर

नणंदेचा फोन. "वहिनी, तुमच्या माहेरी होतं ना कोणाला?" आत्याला होतं. हिला कोणी सांगितलं? ह्यांना विचारलं तर म्हणे, "मी कशाला सांगू?" आणि पेपर वर केला. पेपर कालचा होता.

मलम लावताना मी हाताकडे बघत नाही. अंदाजानेच लावते.

१२ नोव्हेंबर

दुकानात डबे बंद करून गाडीत चढवायचं काम मौनीकडे. दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून हे नाव. माझ्याहून बराच लहान आहे, ताई म्हणतो. हल्ली माझे डबे उचलताना हातात फडकं धरतो. इतरांचे डबे तसाच उचलतो, नुसत्या हाताने. मी पाहिलंय.

म्हणावंसं वाटलं, स्पर्शाने लागत नाही रे हे.

१३ नोव्हेंबर

मी झाकण ठोकून, कड पुसून डबा ठेवला होता. जेवून आले तर कडेला ओला ओघळ! उघडला होता कोणीतरी. मागे मौनी, हातात फडकं.

१८ नोव्हेंबर

पुन्हा परत. फिका. मालक हळू आवाजात बोलले, म्हणजे ठरवून बोलले. "बाई, आणखी एक आला तर नजरेचं काम बंद करू. तुम्ही आत गोदाम बघा. तुम्हालाही बरं, लोकांसमोर नको." लोकांसमोर काय नको, ते विचारलं नाही. गोदामाला खिडकी नाही. आणि ही नजर सोडली तर माझ्याकडे आहे काय?

तो डबा गेला त्या दिवशी मौनी रजेवर होता. म्हणजे हुशार आहे. आदल्या दिवशीच काहीतरी करून गेला असणार.

२० नोव्हेंबर

दिव्याचं कपाट. चष्मा लावून, हात पसरून उभी. चोर सापडल्यासारखी. बाकावर शेजारी बसलेली बाई म्हणाली, "मला पांढऱ्यात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके आलेत, रंग परत येतोय, बघा." बघितले. खोटं बोलत नव्हती. तरी घरी येईपर्यंत वाटत होतं, पेनाने काढले असतील.

मी अशी नव्हते.

२२ नोव्हेंबर

पकडला. जेवणाचा डबा न उघडताच परत फिरले. मौनी मागच्या खोलीत माझा डबा उघडून बसलेला, वर गडद रंगाची बाटली धरलेली. मी ओरडले. काय काय बोलले, लिहवत नाही. "माझ्या पोटावर का उठलास" हेही बोलले.

त्याने आधी झाकण लावलं. कडेचा ओघळ फडक्याने पुसला. मग म्हणाला, "ताई, थोडाच घालतो. फिका जातोय."

"कधीपासून?"

"पहिला परत आला तेव्हापासून. सगळे नाही धरता येत. नसलो की राहतो."

"मालकांना का नाही सांगितलंस?"

"ते तुम्हाला आत पाठवतील."

मी विश्वास ठेवला नाही. कोणी कोणासाठी इतकं करतं?

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुकानातून बोटभर रंग आणला होता. दंडावर ओढला, तिथे कातडी अजून माझी आहे. मग पंजाच्या मागे, पांढऱ्यावर. वाळू दिला. दंडावर हलका दिसला. पंजावर गडद.

एकच रंग.

म्हणजे इतके दिवस पंजावर गडद दिसतोय म्हणून मी रंगात पांढरा घालत राहिले. रंग बघत होते, हात बघायचं टाळत होते. हे दारात उभे होते. म्हणाले, "बहिणीला मीच सांगितलं होतं, तुझ्या आत्याचं. काळजी वाटली म्हणून." मी मान हलवली. त्यांनी दंडावरचा रंग ओल्या रुमालाने पुसून दिला. मग पंजावरचाही.

२३ नोव्हेंबर

एक बाई पोपडा घेऊन आल्या. रंग मिसळला, बोट बुडवलं आणि तशीच थांबले. काउंटरवर मालक होते. मौनीने बाही वर सारली, हात पुढे धरला. "ताई, इथे लावा."

लावला.