सगळ्यात जाड तार

प्रिय दादा,

तुझी गिटार सुखरूप पोचली. तुमचा ड्रमवाला स्वतः घेऊन आला, पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, जसं काही आत तान्हं मूल आहे. चहाला थांब म्हटलं तर थांबेना. व्हॅन रस्त्यातच उभी केलीय, मागच्या गाड्या हॉर्न मारतायत म्हणाला. पण दारापर्यंत जाऊन परत वळला आणि म्हणाला, "ताई, सावकाश करा काम. अजिबात घाई नाही." अरे, तुमचा दौरा तोंडावर आलाय आणि तुमचाच माणूस म्हणतो घाई नाही! मी तसं बोलून दाखवलं, तर नुसता हसला. ते हसू मला आवडलं नाही. ज्याला काहीतरी सांगायचंय आणि ‘खबरदार बोललास तर’ असा दम ज्याला भरलेला आहे, तो तसा हसतो.

इकडे दुकान बरं चाललंय. समोरच्या इमारतीला रंग देतायत, त्यामुळे दिवसभर काचेवर धूळ बसते आणि मी दिवसभर ती पुसते. बाबांचं टेबल अजून खिडकीपाशीच आहे. गिऱ्हाईक अजूनही आत आल्यावर आधी त्या टेबलाकडे बघतं आणि मग माझ्याकडे. मला आता त्याचं काही वाटत नाही. ‘ही खुंटी पिळल्याशिवाय सुरात येत नाही’ असं बाबा सगळ्यांना सांगत सुटायचे, त्यामुळे अर्धं गाव मला अजून खुंटी म्हणूनच हाक मारतं. चाळिशी जवळ आली तरी!

तर तुझी फ्रेटची तार. फोनवर म्हणालास, "तुझ्याकडे असेल ती सगळ्यात जाड टाक. रुंद, उंच, रुळासारखी." मी गंमत समजून हसले, कारण हे तू म्हणतोयस यावर माझा विश्वासच बसेना. जन्मभर तू बारीक तारेचा माणूस. दांडीवर आडवे ठोकलेले फ्रेट बोटाला कळता कामा नयेत, बोट नुसतं घसरत गेलं पाहिजे, हे तुझं म्हणणं. जंबो फ्रेटवाल्यांना तू ‘शिडीवरून चढणारे’ म्हणायचास. बाबांशी तुझं शंभर गोष्टींवरून वाजलं असेल, पण या एका बाबतीत तुमचं दोघांचं एकमत. आणि आता म्हणतोस, नव्या पोरांकडे सगळ्यांकडे तसलेच असतात, स्वर खेचायला सोपं पडतं. पडतं, खरंय. फ्रेटची तार उंच असली की बोट खालच्या लाकडाला टेकतच नाही, नुसतं हलकं दाबलं तरी स्वर स्वच्छ निघतो. ज्याच्या हातात जोर कमी, त्याला मी स्वतःच ती सुचवते. मागच्याच महिन्यात संधिवात झालेल्या एका बाईंच्या गिटारला बसवून दिली, बिचाऱ्या खूश होऊन गेल्या. तुला कशाला हवी ते मात्र मला कळेना. तरी मागवली. वेटोळं आलं, ते उघडून टेबलावर ठेवलं, आणि जुने फ्रेट काढायला घेतले.

ते जुने फ्रेट माझेच, आठवतंय ना? बाबा गेल्यानंतर मी एकटीनं केलेलं पहिलं काम. त्यामुळे त्या फ्रेटवर जे काही झिजलंय ते तेव्हापासूनचं आहे, आणि सगळं तुझ्या बोटांनी झिजलंय. दादा, मी रोज माणसांच्या गिटारी बघते. कोण कुठलं गाणं जास्त वाजवतं, कोण रियाजाला दांडी मारतं, सगळं त्या पट्टीवर दिसतं. तुझे पहिले तीन फ्रेट करवतीनं कापावेत तसे खोल चरलेत. इतक्या दिवसांत एवढं झिजत नाही. खालच्या लाकडातसुद्धा खळगे पडलेत, म्हणजे तू स्वर दाबत नाहीस, पार आत रोवतोस. आणि वरचे फ्रेट, जिथे तुझी करंगळी पळायची, जिच्यासाठी लोक पुढच्या खुर्च्या पकडायचे, ते मी बसवले तसे कोरे आहेत. दांडीच्या मागे एकाच ठिकाणी पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय. तिथे तुझा अंगठा नाही, पंजाच असतो. कुदळ धरावी तशी तू ती दांडी धरतोस. हे हात माझ्या भावाचे नाहीत असंच आधी वाटलं. कोणाला तरी वापरायला दिलीस की काय, असंही मनात आलं. मग पक्कड खाली ठेवली आणि बसून राहिले, कारण असा पंजा मी आधी एकदा पाहिलेला होता.

तू तेव्हा इथे नव्हतास. तुमचा बँड नुकता नावारूपाला येत होता, तू आज इथे तर उद्या तिथे. बाबांची सुरुवात मी पाहिली. पहिल्यांदा त्यांनी कानशींच्या मुठींना कापड गुंडाळलं. घामानं सटकतात म्हणाले. मग सगळ्या हत्यारांना जाड मुठी करून घेतल्या. मग शर्ट सोडून बिनबटणाचे सदरे घालायला लागले, उकडतं म्हणून. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. बारीक खिळा टेबलावरून उचलायला त्यांना वेळ लागायचा, तर म्हणायचे चष्मा बदलायला हवा. चष्मा बदलला. खिळा काही उचलला जाईना. हात दुखत नव्हता, हीच खरी पंचाईत. दुखलं असतं तर गेले असते कुठेतरी.

आणि तो करंट. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून खालपर्यंत झिणकन वीज जाते म्हणायचे. आम्ही त्यावर काय हसायचो! दुकानात जुनं वायरिंग होतं, मी म्हणायचे, बाबा, तुम्हालाच अर्थिंग केलंय सगळ्या दुकानाचं. इलेक्ट्रिशियनला बोलावून वायरिंग तपासून घेतलं आम्ही, खरं सांगते. त्यानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, तरी बाबांना करंट लागतच राहिला.

गिटार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनीला फोन केला. सहज केल्यासारखा. इकडचं तिकडचं बोलले, पिल्लूची शाळा, तिचे पडलेले दात. मग विचारलं, दादाचे हात कसे आहेत? तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यांनी सांगू नको म्हटलंय हो." रागावू नकोस तिच्यावर. ती बिचारी किती दिवस एकटीच हे घेऊन बसली होती. पिल्लूच्या फ्रॉकची बटणं तुला लावता येत नाहीत, म्हणून सकाळी तिला तयार करायचं तू सोडून दिलंस. कप हातातून सुटतात, म्हणून स्टीलचा पेला वापरतोस. जिना उतरताना कठडा सोडत नाहीस, आणि पाय कापसावर ठेवल्यासारखा पडतो असं तिला एकदाच म्हणालास. नंतर म्हणालास, छे, बूट खराब आहेत. आणि ती शेवटी अगदी सहज बोलली, तिला त्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं, "स्टेजवर खाली पेडलकडे बघितलं की त्यांना शॉक बसतो, अॅम्प बदलायला सांगितलाय त्यांनी."

अॅम्प बदलून काही होणार नाही, दादा. आम्ही अख्ख्या दुकानाचं वायरिंग तपासलं होतं.

तुझ्या मनात बाबा पायरीवरून पडले आणि संपले, असंच आहे. तू आलास तेव्हा ते पलंगावर होते, मानेला पट्टा, हातपाय निपचित. तुला दिसला तो अपघात. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला तेव्हाच दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं होतं, पण तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि म्हणालास, पडले ना, मग पडले, आता कशाला चिरफाड. म्हणून आज पुन्हा सांगते. दुकानाला एकच पायरी आहे, तीही वीतभर उंचीची. तिच्यावरून पडून कोणी मरत नाही. त्यांच्या मानेच्या मणक्यातून मज्जारज्जू जातो ती वाट जन्मापासूनच अरुंद होती, वयानं आणखी आवळत गेली, आणि आतला मज्जारज्जू दबत होता. बोटं त्यामुळे गेली, पाय त्यामुळे डगमगले, आणि म्हणूनच त्या पायरीवर तोल गेला. मानेला हिसका बसला, आणि जे थोडं शाबूत होतं तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर वाट मोकळी करता आली असती. गेलेलं सगळं परत येतं असं नाही, पण जाणं थांबतं. एकदा हिसका बसला की मग आमच्या हातात काही नाही, म्हणाले. आणि तू, दादा, तू स्टेजवर मान झटकत नाचतोस. लोक त्यासाठी शिट्ट्या मारतात. तू त्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसून झोपतोस आणि प्रत्येक खड्ड्याला तुझी मान हेलकावते.

जाड तार मी बसवलेली नाही. बसवली तरी तुझी फसगत होईल, हे बाकी कोणी तुला सांगणार नाही म्हणून सांगते. उंच फ्रेटला हलका हात लागतो. तुला आता किती जोरानं दाबतोय ते कळत नाही, आणि त्या जोरानं दाबलंस तर वाजवायची तार खाली वाकून प्रत्येक स्वर बेसूर चढणार. सगळ्या सभागृहाला ते ऐकू येईल. जाड फ्रेट काही कामाचे नाहीत, इलाज गिटारच्या मानेवर चाललाय आणि बिघाड तुझ्या मानेत आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, एक विनोद करतोस, मी हसते आणि विषय संपतो. वहिनीशी बोलून झाल्यावर मी बाबांच्या त्याच डॉक्टरांकडे गेले होते, तुझ्याबद्दल विचारायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भावाला ताबडतोब आणा. पण तुम्ही स्वतः तपासून घेतलंय का कधी?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! त्यांनी दोन्ही हात पुढे करायला लावले आणि मुठी भराभर उघडा-मिटा म्हणाले. मी करत होते, छान भराभर करत होते. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि नर्सला विचारलं, तुम्हाला काय दिसलं? ती म्हणाली, डावी मागे राहतेय. मला ते जाणवलंही नव्हतं. मग मोठ्या मशीनमध्ये घालून मानेचे फोटो काढले. माझीही वाट अरुंद आहे, आणि दोन ठिकाणी दाब सुरू झालाय. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. आधी घरच्या माणसाची सही लागते, आणि घरचं कोण असं विचारल्यावर मी तुझं नाव सांगितलं, दुसरं सांगायला होतं कोण? तू स्वतःसाठी येणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्यासाठी ये. डॉक्टरांनी तुलाही त्याच दिवशी सकाळी वेळ दिलीय. व्हॅननं येऊ नकोस, रेल्वेनं ये, वहिनीला बरोबर घे, आणि दौऱ्याचं बँडला आजच नाही म्हणून कळव. ड्रमवाल्याला सगळं समजलेलं आहे, तो सांभाळून घेईल. आणि यातलं काहीच पटत नसेल, मी उगाच घाबरवतेय असं वाटत असेल, तर एवढं कर. हे पत्र खाली ठेव, पिल्लूला समोर बसव, आणि दोन्ही मुठी भराभर उघड-मीट कर. कुठली मागे राहते ते तिला विचार. आपलं आपल्याला कळत नाही, दादा.

तुझीच,
खुंटी