इंजिनाचं उष्टं

प्रिय भागीरथीस,

जन्मभर तुला नावानं हाक मारली नाही, ती आज कागदावर मारतो. चालेल ना?

आधी तिकडची खुशाली कळव. माझ्या आबांचा खोकला आता तरी बसला का? तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिथं चढउतार नसला म्हणजे मिळवली. आपला बाळू तान्हाच गेला, तो कुणाच्या मांडीवर असतो, की चालायला लागला? आणि तुझी छाती? श्वास लागत नाही ना? हे पत्र आबांकडून वाचून घे. मी दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकलो, एखादं नाही लागलं तर अंदाजानं वाचा म्हणावं.

आम्ही सगळे बरे आहोत. लिहायला बसलो ते तुझ्या गुळाच्या डब्यापायी.

आप्पा मालकांनी मुंबईहून ती जुनी, तेलावर चालणारी लॉरी आणली आणि मी तिच्यावर चढलो, तेव्हाचं आठवतं? खालापूरकडचं गवत पनवेलच्या तबेल्यात न्यायचं काम. पहिल्याच रात्री जेवताना मी ऐटीत तुला सांगत होतो, की टाकीतलं तेल इंजिनाकडे जातं आणि त्याला न लागलेलं एका बारीक नळीनं परत टाकीत येतं. तू वाढता वाढता थांबलीस.

"म्हंजी इंजिनाचं उष्टं परत टाकीत? शी! अवं, ताटातली आमटी कुनी पातेल्यात वततं का?"

"अगं, यंत्र हाय ते."

"यंत्र हाय तर दसऱ्याला हार कशापायी घालता त्याला?"

 तू फडताळातला गुळाचा डबा रिकामा केलास आणि माझ्यापुढं ठेवलास. मला वाटलं, आप्पा हसतील. पण ते सोवळ्यात तुझ्याही वरचढ. त्यांनी नळी कापून घेतली, तिचं तोंड तुझ्या डब्यात सोडलं आणि डबा इंजिनामागं दोरीनं बांधला. डबा भरला की ते तेल गावातल्या बैलगाड्यांच्या आसांना. तुझी मात्र मान ताठ!

मग तू गेलीस. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा समोर उंबरावर बसून राहिला, खाली येईना. लेक म्हणाला, गाय विकणार नाही. सून म्हणाली, तुळशीचा दिवा चुकवणार नाही. कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "लॉरीवरला तुझा डबा काढणार नाय." आणि झडप घातली की गं त्यानं! एवढा जीव त्या डब्यात होता?

तेव्हापासून मी त्या डब्याला जपलं. पण रस्ता कुठं जपतो? खड्ड्याखड्ड्याला डबा हिंदकळायचा, कापलेल्या नळीचा सांधा पाझरायचा, आणि सगळं तेल मागं भरलेल्या गवतावर. यंदा तबेल्यातल्या म्हशींनी तोंडं फिरवली. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्या, ह्ये गवात म्हशीला घालू का समईत?" खेप परत आली. आप्पा म्हणाले, "आणखी एक परत आली, की लॉरी भंगारात. बैलगाड्या हायतच."

या वयात मला दुसरी लॉरी कोण देणार? आणि या लॉरीतल्या बाकड्यावर तू एकदा बसली होतीस, नाकाला पदर लावून, थेट माहेरच्या दारापर्यंत. ते बाकडं भंगारात जाऊ देऊ? पण डबा काढावा, तर तुला दिलेला शब्द जातो. चार दिवस घास गोड लागला नाही.

पाचव्या दिवशी सूनबाई आमटी वाढत होती. वाढून झाल्यावर तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली, चार थेंब आत पडले. अगदी तुझीच लकब.

मी विचारलं, "सूनबाई, ह्ये उष्टं नाय का गं?"

"ताटाला कुठं लागलं, मामंजी? पळीचं ते."

माझा घास हातातच राहिला. भागीरथी, नळीतनं परत येतं ते तेल इंजिनाच्या तोंडात गेलेलंच नसतं! इंजिनाला तेल वाढणारी सुई असते ना, तिच्या अंगाला लागून राहिलेलं तेवढं माघारी येतं. पळीचंच ते. इतकी वर्षं मला हे तुला सांगता आलं नाही, आणि तू रोज माझ्यासमोर पळी आपटत होतीस!

तांबटाकडून टाकीपर्यंत पोचेल अशी नवी नळी आणली. सांध्यातल्या तांब्याच्या चकत्या चुलीत लाल केल्या आणि पाण्यात टाकल्या, म्हणजे मऊ पडतात आणि घट्ट बसतात. सूनबाई म्हणते, "मामंजी, भाजल्या का अजून परतू?" तुझीच सून! मग तुझीच रांगोळी सांध्यावर भुरभुरवली आणि इंजिन चालू केलं. थेंब पाझरला तर रांगोळी काळी पडते. कितीतरी वेळ बघत बसलो. पांढरी ती पांढरीच.

आणि तुझा डबा? राखेनं घासला, रिठ्यानं घासला, त्याच जागी त्याच दोरीनं बांधला. आता त्यात इंजिनाला घालायचं पाणी असतं. काढणार नाही म्हणालो होतो, काढला कुठं?

काल खेप घेऊन गेलो. मुकादमानं पेंढी हुंगली आणि म्हशीपुढं टाकली. म्हशीनंही हुंगली.  मग तिनं तोंड घातलं, आणि मुकादम म्हणाला, "बस रं म्हाताऱ्या, खातीय ती." परत येताना बाकड्यावरची तुझी जागा रिकामी होती, पण लॉरी कशी हलकी पळत होती!

माझी पाळी येईल तेव्हा तेलाचा वासही राहणार नाही असे हात धुऊन तुझ्याकडे येईन. हा शब्द देतो, आणि याच्यात कुठलीच पळवाट ठेवलेली नाही.

डब्यावरून रागावली असलीस तर तसं लिही, नसलीस तरी लिही. पण उत्तर लवकर धाड. कावळ्याच्या हाती मात्र नको, तो लई ताटकळत ठेवतो.

तुझाच,
ज्याला तू जन्मभर 'अवं' म्हणालीस तो