खडीच्या अटीवर दिलेली वाट

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, टोलनाक्याच्या तीन नंबरच्या खिडकीवरचा निवृत्त कारकून, ज्याला सगळे पावतीकाका म्हणतात, हे मृत्युपत्र स्वहस्ते व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. पत्नीनेही थोडे आढेवेढे घेऊन ते मान्य केले आहे.

१. राहते घर पत्नीला व तिच्या पश्चात मुलीला. बँकेतील ठेवी दोघींना समान. जावयाला माझे गजराचे घड्याळ द्यावे. का, ते त्याला कळेल.

२. धाकट्या भावाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. नाका सुरू झाला तेव्हा पाटी होती : 'वसुली पंधरा वर्षे'. पंधरा वर्षे भरली, पाटी रंगवायला नेली, ती परत आली नाही. तेव्हा भाऊ 'टोल हटाव' म्हणत माझ्याच खिडकीसमोर आडवा झोपला. दुपारी त्याला डबा मीच नेऊन देत असे. त्या जोरावर तो निवडून आला, मंत्री झाला आणि वाढीव आठ खिडक्यांचे उद्घाटन करायला आला. परत निघताना तो सरकारी गाडीऐवजी सासऱ्यांच्या गाडीत होता. नियमाप्रमाणे तिला सूट नव्हती. मी पावती पुढे केली.

"दादा, ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं. म्हणूनच सुट्टे तयार ठेवलेत."

आठवड्यात माझी बदली वजनकाट्यावर झाली. पुढे चौदा वर्षे आम्ही बोललो नाही.

३. त्या रागात मी नाक्यालगतच्या माझ्या शेताचा बांध फोडून गाड्यांना फुकट वाट करून दिली. लोक मला देवमाणूस म्हणू लागले. सहा महिन्यांत वाटेची चाळण झाली. "पावतीकाका, खडी टाका की," लोक म्हणाले. "रविवारी सगळे मिळून टाकू," मी म्हणालो. त्या दिवशी वाटेवर एकही गाडी दिसली नाही. तेव्हापासून खडी मीच टाकतो, आधी पगारातून, मग निवृत्तिवेतनातून, म्हणजे नाक्याच्याच पैशातून. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. गेली दोन वर्षे गुडघ्यांमुळे तेही जमलेले नाही.

४. सदर शेत, वाटेसह, मी धाकट्या भावाला देतो. अटी : वाट बंद करू नये. तिच्यावर वसुली करू नये. दरवर्षी स्वतः उभे राहून खडी पसरावी, माणूस पाठवू नये. गेल्या निवडणुकीत तो पडला असल्याने वेळेची सबब चालणार नाही.

कारण असे. मागच्या महिन्यात माझ्या छातीत कळ आली, तेव्हा पत्नीने मला न विचारता त्याला फोन केला. तो धावत आला. नाक्यावर मोठी रांग होती, म्हणून रुग्णवाहिका या वाटेने नेली. माझे डोके मांडीवर घेऊन तो बसला होता. धक्के मला बसत होते, कण्हत तो होता.

"दादा, हे नीट करायला हवं."

"कुणी?"

 उत्तर मी वर लिहून ठेवले आहे.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, सोमवार

(सही) पावतीकाका

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) नाक्यावरचा पंक्चरवाला; वाट सुधारण्यास धंद्यापुरती हरकत नोंदवून